हिस्टामिनचा रिसेप्टर ओळखताना या चुका टाळा

गिनीपिगच्या इलियमचा (लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा) तुकडा ऑर्गन बाथमध्ये (ऊती जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात) टांगला, हिस्टामिन टाकलं, आतडं आकसलं. मग अँटिहिस्टामिन घालून पुन्हा तोच डोस दिला, तर रेघ हलली नाही. बहुतेक विद्यार्थी इथेच वहीत ‘एच-१ रिसेप्टर’ (हिस्टामिन ज्यांवर बसतं त्या प्रथिनांपैकी एक) लिहून मोकळे होतात. एवढ्या पुराव्यावर ते लिहिता येत नाही.

आधी विचारा, अँटिहिस्टामिन किती घातलं होतं? डायफेनहायड्रामिनसारखी जुनी औषधं मात्रा वाढली की ॲसिटिलकोलिनलाही (मज्जातंतूंतून सुटून आतडं आकसवणाऱ्या रसायनालाही) अडवतात, आणखी वाढली तर स्नायूच सुस्तावतो. म्हणून त्याच बाथमध्ये, तेवढ्याच औषधात ॲसिटिलकोलिनचा डोस देऊन बघा. तोही प्रतिसाद घटला असेल तर प्रयोगाने काहीच सिद्ध केलेलं नाही. एम.फार्म.ला असताना हा कंट्रोल न घेतल्यामुळे माझे तीन दिवसांचे आलेख बाद झाले होते. तेव्हापासून मी मेपायरामिन हे अँटिहिस्टामिनच वापरते, कारण ते नॅनोमोलर म्हणजे अगदी अल्प मात्रेतच एच-१ अडवतं. ॲसिटिलकोलिन अडवणारं ॲट्रोपिन घालूनही हिस्टामिनचं आकुंचन टिकतं का, हेही तपासा. म्हणजे ते मज्जातंतूंतून सुटलेल्या ॲसिटिलकोलिनमुळे नाही, याची खात्री होते.

एका डोसवर निष्कर्ष काढणं ही दुसरी चूक. पूर्ण डोस-रिस्पॉन्स वक्र (वाढत्या डोसांना मिळणाऱ्या प्रतिसादांचा आलेख) काढा, मेपायरामिनच्या निदान तीन मात्रांत तो उजवीकडे किती सरकतो ते मोजा आणि शिल्ड आलेख (मेपायरामिनच्या मात्रेसोबत हा सरक कसा वाढतो ते दाखवणारा) मांडा. उतार १ च्या आसपास आणि पीए-२ (औषध रिसेप्टरला किती जोरात अडवतं ते सांगणारा आकडा) साधारण ९ आला, तर एच-१ म्हणायला आधार मिळतो. उतार बिघडला की दोष बहुतेक वेळा घाईचा असतो. मेपायरामिन घातल्यावर निदान अर्धा तास थांबायला हवं, पण प्रॅक्टिकलची वेळ संपत आली की पाच मिनिटांत पुढचा डोस पडतो.

बाटलीवरचं लेबल नीट वाचा. १ मिलिग्रॅम हिस्टामिन बेससाठी डायहायड्रोक्लोराइड सुमारे १.६६ मिलिग्रॅम लागतं, तर डायफॉस्फेट सुमारे २.७६. कंट्रोल वक्र एका क्षाराने आणि मेपायरामिननंतरचा दुसऱ्याने काढला, तर रिसेप्टरशी संबंध नसलेला सरक आलेखात दिसतो. आकुंचन हळूहळू घटत असेल तर डोसमधलं अंतर वाढवा, धुणं वाढवा. गिनीपिगच्या इलियमऐवजी रॅटचं आतडं घेतलं असेल तर मुळातच फारशी आशा नाही, ते हिस्टामिनला दाद देत नाही.

‘मेपायरामिनने अडलं नाही, म्हणजे एच-२’ हा तर्क मला सगळ्यात जास्त खटकतो. १९६६ मध्ये ॲश आणि शिल्ड यांनी मेपायरामिनने अडणाऱ्या प्रतिसादांपुरतंच एच-१ हे नाव सुचवलं. जठरातला आम्लस्राव, रॅटच्या गर्भाशयाचं शिथिल होणं, गिनीपिगच्या हृदयाचे वाढलेले ठोके अडत नव्हते, तरी त्यांना त्यांनी नाव दिलं नाही. ब्लॅक यांच्या गटाने १९७२ मध्ये ब्युरिमामाइड आणलं, ते प्रतिसाद त्याने अडवून दाखवले, तेव्हाच एच-२ मान्य झाला. निवडक अँटॅगोनिस्ट (तोच एक रिसेप्टर अडवणारं औषध) हाती येईपर्यंत रिकामी जागा रिकामीच ठेवायची असते.

आणि ब्युरिमामाइडही निव्वळ एच-२ चं नाही. १९८३ मध्ये रॅटच्या मेंदूत एच-३ सापडला, त्यालाही ते अडवतं. थायोपेरामाइड हा दुसरा अँटॅगोनिस्ट एच-३ आणि एच-४ दोन्हींवर बसतो. एच-४ चं तर आणखी अवघड आहे. त्याच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या काही अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला चिकटून ते स्लाइडवर रंगाने दाखवणारी प्रथिनं) त्या रिसेप्टरचं जनुक काढलेल्या उंदराच्या ऊतीलाही तितकाच रंग देतात. म्हणून स्लाइडवर छान तपकिरी रंग दिसला की लगेच फोटो काढू नका. नॉकआउट (जनुक काढलेल्या) ऊतीची स्लाइड त्याच दिवशी, त्याच रसायनांनी शेजारी रंगवा. तिच्यावरही रंग चढला, तर ती अँटिबॉडी बाजूला ठेवा.