छोट्या लेथवर शिकताना या चुका टाळा

सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे नाशिककरांना लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापण्याचे यंत्र) नवीन नाही. ज्या घरात कोणी टर्नर वा फिटर आहे, तिथे ‘जॉब’ (कापायचा तुकडा) आणि ‘फेसिंग’ (त्याच्या टोकाचा फेस सपाट कापणे) हे शब्द जेवतानाही कानावर पडतात. हल्ली मात्र टेबलावर मावणारे, सिंगल फेजवर चालणारे छोटे लेथ हौशी मंडळीही घेऊ लागली आहेत, आणि येथूनच गडबड सुरू होते. मोठ्या लेथचे वजन थोडीफार चूक पोटात घालते. छोटे लेथ तीच चूक जॉबवर उमटवते. ती उमटली की नवशिक्याला वाटते की मशीनच कमी प्रतीचे आहे, आणि तो सुट्या भागांच्या खरेदीला लागतो.

मीही तेच केले. 25 मिमीच्या एमएस (माइल्ड स्टील) बारवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटू लागली, म्हणून मी क्विक चेंज टूल पोस्ट (टूल झटपट बदलता येणारी पकड) आणि कार्बाइड इन्सर्टची (बदलता येणाऱ्या कठीण धारेची) टूल्स घेतली. नक्षी तशीच राहिली. कारखान्यातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी नव्या टूल पोस्टकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी एक फेसिंग करायला लावले आणि फेसच्या मधोमध उरलेल्या, तांदळाच्या कणीएवढ्या टोकावर नख फिरवून म्हणाले, “अरे, आधी हे टोक घालव, मग काय घ्यायचे ते घे.”

ते टोक म्हणजे टूलची उंची चुकल्याची खूण. टूल सेंटरच्या (जॉब ज्या मध्यरेषेभोवती फिरतो तिच्या) खाली असेल तर टोक कापले न जाता उरते आणि टूल जॉबखाली खेचले जाण्याचा धोका असतो. वर असेल तर धारेऐवजी तिच्याखालची बाजू घासत राहते. उंची तपासण्याची सोपी रीत अशी: लेथ बंद ठेवून गोल बार आणि टूलचे टोक यांच्यामध्ये सहा इंची स्टीलची पट्टी हलकेच दाबून धरावी. पट्टी ताठ उभी राहिली तर उंची बरोबर आहे. पट्टीचा वरचा भाग आपल्याकडे झुकला तर टूल खाली आहे, जॉबकडे झुकला तर वर आहे. साध्या टूल पोस्टमध्ये टूलखाली पत्र्याच्या किंवा जुन्या हॅकसॉ ब्लेडच्या पट्ट्या घालून ही उंची साधता येते, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

उंची साधूनही ती नक्षी उमटवणारी थरथर राहिली तर गिब (स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्ट्या) पाहाव्यात. टूल पोस्ट हाताने धरून मागेपुढे हलवावा. क्रॉस स्लाइड (टूल आडवे सरकवणारा भाग) किंवा कंपाउंड स्लाइडमध्ये (तिच्यावरचा, तिरपाही लावता येणारा भाग) किंचितही ‘टक्’ जाणवले तर गिबचे स्क्रू सैल आहेत. नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो, म्हणून तो ॲलन कीने धरून ठेवावा आणि एकेक स्क्रू थोडा थोडा घट्ट करावा. स्लाइड पूर्ण अंतरभर सारख्याच जोराने सरकली पाहिजे. टूल गरजेपेक्षा बाहेर काढू नये, आणि फेसिंग करताना सॅडल (या स्लाइड वाहून नेणारा भाग) लॉक करावे.

वेगाच्या बाबतीत बहुतेक जण अंदाजाने चालतात, जे कार्बाइडवर एक वेळ निभावते, पण एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलची धार त्याने जळते. एमएससाठी एचएसएस टूलचा कटिंग स्पीड मिनिटाला सुमारे 25 मीटर धरावा. 25 मिमी बारला त्याचे साधारण 320 आरपीएम (मिनिटाला फेरे) होतात. व्यास निम्मा झाला की आरपीएम दुप्पट.

मापाच्या चुका निराळ्या. क्रॉस स्लाइडची डायल (हँडलवरची मापाची चकती) टूलचे सरकणे दाखवते की व्यासातली घट, हे मशीनगणिक बदलते, 0.1 मिमी पुढे घेतल्यावर व्यास 0.2 ने उतरतो का, हे भंगारातल्या तुकड्यावर एकदा पाहून ठेवावे. टूल जास्त पुढे गेले तर तेवढेच मागे घेऊन भागत नाही, कारण स्क्रूमध्ये बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) असतो. अर्धा फेरा मागे येऊन पुन्हा पुढून माप गाठावे. थ्री-जॉ चकमध्ये (जॉब पकडणाऱ्या तीन जबड्यांच्या पकडीत) 0.05 मिमीच्या आसपास रनआउट (फिरताना मध्यापासून हलणे) असणे हा दोष नव्हे. शक्य तितके काम एकाच पकडीत उरकावे, आणि जॉब काढून पुन्हा लावायचाच असेल तर फोर-जॉ चक (ज्याचा प्रत्येक जबडा वेगळा हलवता येतो) आणि डायल गेज (रनआउट दाखवणारे सुईचे मापक) वापरावे.

जॉब चकापासून दूरच्या टोकाला जाड होत असेल तर लगेच हेडस्टॉकला (चक फिरवणाऱ्या भागाला) दोष देऊ नये. व्यासाच्या तिप्पट-चौपट लांबी बाहेर असेल तर बार टूलपासून दूर वाकतो. टेलस्टॉकचे सेंटर (बारच्या दुसऱ्या टोकाला आधार देणारा टोकदार भाग) लावून पाहावे. आखूड, जाड बारवरही टेपर (लांबीभर बदलत जाणारी जाडी) येत असेल तर असमान टेबलावर बोल्ट आवळल्यामुळे बेडला (लेथच्या लोखंडी पायाला) पीळ पडला आहे का, ते तपासावे.

एक चूक मात्र दुरुस्त करता येत नाही: चकाची चावी चकातच विसरून स्विच दाबणे. चावीवरचा हात सुटला की चावीही चकातून निघालीच पाहिजे. हातमोजे, मनगटातला दोरा, कडे, अंगठी यांपैकी काहीही अंगावर नको. बुर (कापून निघालेला धातूचा चुरा) हाताने नव्हे, ब्रशने किंवा आकड्याने काढावा.

हे सगळे झाल्यावर सुधारणांचा विचार करावा, आणि तोही बेताने. प्लास्टिकचे गिअर काढून धातूचे घालण्याची घाई मला पटत नाही. टूल अडकले की तो स्वस्त गिअर तुटतो आणि पुढचे महागडे भाग वाचतात. स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) टेपर रोलर बेअरिंग घालणे ही उपयुक्त सुधारणा आहे, पण प्रीलोड (बेअरिंगवर आवळून दिलेला दाब) जास्त झाला तर बेअरिंग तापते, म्हणून अर्धा तास चालवून हेडस्टॉकला हात लावून पाहावा. माझ्या मते पहिला पैसा सॅडल लॉक, डायल गेज आणि चांगल्या ऑइल कॅनवर जावा. पावसाळ्यात चार दिवस मशीन बंद राहिले तरी बेडवर तांबूस ठिपके येतात. काम संपताच बुर झाडून बेडवर 68 ग्रेडच्या तेलाचा पातळ हात फिरवावा आणि वर सुती कापड टाकावे, प्लास्टिक नव्हे, कारण त्याखाली दमटपणा कोंडतो.