अंदमानात मोटरबोट ठरवण्यापूर्वी

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावातून तीन कुटुंबे, लहानमोठी मिळून बारा माणसे, एका फेब्रुवारीत अंदमानला गेली आणि तेथे चालकासह मोटरबोट भाड्याने घेऊन चार दिवस बेटे पाहून आली. तेव्हापासून परिसरातील कोणी ना कोणी त्याविषयी विचारायला येते आणि पहिला प्रश्न बहुधा "किती लागले?" असाच असतो. माझ्या मते त्याआधी विचारण्याचा प्रश्न दुसराच आहे. समुद्र खवळला आणि बोट निघालीच नाही, किंवा अर्ध्या वाटेवरून परत फिरली, तर दिलेल्या पैशांचे काय होणार? या प्रश्नाचे उत्तर कागदावर येईपर्यंत इसार देऊ नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

हा आग्रह उगाच नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यात वर्धा नदीत डोंगा उलटून एकमेकांच्या नात्यातील ११ जण बुडाले. ती नदी आपली, रोजच्या पाहण्यातली होती. २६ जानेवारी २०१४ रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट बुडाली, तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा बरीच जास्त माणसे होती आणि २०हून अधिक जणांचा जीव गेला. एक माणूस जास्त बसवावा, एक फेरी जास्त करावी, आजच जाऊन यावे, असे वाटण्यामागे पुष्कळदा पैसा आणि घाई असते. म्हणून बोट ठरवताना व्यवहारच असा करावा की वाईट हवामानात निघण्यासाठी चालकाला किंवा आपल्याला पैशाचे कारण उरू नये. पुढे जे काही सांगितले आहे ते या एका गोष्टीसाठी आहे.

बोट भाड्याने घेण्याचे तीन प्रकार असतात. पहिल्यात नुसती बोट मिळते आणि ती आपणच चालवायची असते. थायलंड, सेशेल्स किंवा कॅरिबियन बेटांकडे ही पद्धत रुळलेली आहे, पण त्यासाठी समुद्रावर बोट चालवल्याचा अनुभव दाखवावा लागतो आणि अनेक ठिकाणी परवानाही लागतो. दुसऱ्यात बोटीबरोबर चालक आणि एखादा मदतनीस येतो. तिसऱ्यात स्वयंपाकी, झोपण्याच्या खोल्या आणि सगळी सरबराई असते. मालदीवमधल्या सफारी बोटी या प्रकारातल्या आहेत. धरणात पोहणाऱ्याने किंवा पैनगंगेत डोंगा वल्हवलेल्यानेही पहिल्या प्रकाराचा विचार करू नये. नदीला दोन काठ असतात आणि प्रवाहाची दिशा ठरलेली असते. समुद्रात वारा, लाट आणि भरतीचा ओढ हे तिन्ही वेगवेगळ्या दिशांनी येऊ शकतात. आपल्यासाठी दुसरा प्रकार योग्य आहे, म्हणजे दिवसा बोट आणि रात्री किनाऱ्यावर मुक्काम.

त्यातही मोठी अंतरे मोठ्या प्रवासी फेरीबोटीने कापावीत आणि भाड्याची बोट बेटाच्या जवळपासच्या फेऱ्यांसाठी ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉक बेटाला जाताना खुला समुद्र लागतो आणि तेथे फेरीबोटींची नियमित सोय आहे. हॅवलॉकला उतरल्यावर आसपासचे किनारे आणि प्रवाळांच्या जागा पाहण्यासाठी लहान बोट घ्यावी. नावांचा गोंधळ मात्र होऊ देऊ नये. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉकचे अधिकृत नाव स्वराज द्वीप आणि नील बेटाचे शहीद द्वीप झाले आहे, तर सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला श्री विजयपुरम हे नाव देण्यात आले. तिकिटावर एक नाव आणि बोलण्यात दुसरे असे हमखास होते.

हंगामाच्या बाबतीत आपल्या शेतीचे वेळापत्रक सुदैवाने समुद्राच्या वेळापत्रकाशी जुळते. नैऋत्य मोसमी पाऊस अंदमानात साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात पोहोचतो, म्हणजे आपल्याकडे तो येण्याच्या तीन-चार आठवडे आधी, आणि त्यानंतर समुद्र खवळलेला राहतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले म्हणून दिवाळीनंतर लगेच निघण्याचा मोह अनेकांना होतो, पण तो टाळावा. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत समुद्र तुलनेने शांत असतो. कापसाची वेचणी आटोपत आलेली असते आणि हरभरा अजून सवंगणीला आलेला नसतो, तो पंधरवडा मला सर्वांत सोयीचा वाटतो.

तारीख ठरवताना भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथीही पाहावी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि ओढही वाढतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाण्याची हालचाल सौम्य राहते. ज्यांना पोहता येत नाही अशा माणसांना उथळ पाण्यात उतरवायचे असेल, तर अष्टमीच्या आसपासचे दिवस बरे. ओहोटीला लहान बोट किनाऱ्यापासून लांब थांबते आणि कमरेएवढ्या पाण्यातून चालत यावे लागते, हे घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे.

नागपूर, सेवाग्राम किंवा बल्लारशाहून रेल्वेने चेन्नई आणि तेथून दोन तासांपेक्षा थोड्या अधिक वेळाचे विमान, असा मार्ग आम्ही घेतला. चेन्नईहून जहाजही जाते, पण त्याला तीन दिवसांच्या आसपास लागतात. बोटीचे चार दिवस हवे असतील तर बेटांवर सहा दिवस धरावेत. दोन दिवस रिकामे ठेवणे हा खर्च आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्या दोन दिवसांमुळेच "आज नको" म्हणणे सोपे होते. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी कोणतीही सफर ठरवू नये आणि मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच असावा.

आता व्यवहाराकडे वळतो. आपण ट्रॅक्टर तासावर ठरवतो, थ्रेशर पोत्यावर ठरवतो, आणि डिझेल कोणाचे, मजूर कोणाचे हे आधीच बोलून घेतो. बोटीचा करारही तितक्याच बारकाईने करावा. भाडे दिवसाचे की तासाचे, तास जेटीवरून सुटल्यापासून की पहिल्या बेटावर पोहोचल्यापासून, इंधन भाड्यात धरले आहे की वेगळे, चालक आणि मदतनिसाचे जेवण कोणाकडे, बेटावर उतरण्याचे शुल्क कोणी भरायचे, हे सारे लिहून घ्यावे. इंधनाची बाब किरकोळ समजू नये. नांगरणी करणारा आपला ट्रॅक्टर तासाला पाच-सहा लिटर डिझेल पितो. दीडशे अश्वशक्तीचे एक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले, इंजिन पूर्ण वेगात तासाला सुमारे पन्नास लिटर पेट्रोल जाळते, आणि चांगल्या बोटीला अशी दोन इंजिने असतात. दोन इंजिने असलेलीच बोट घ्यावी, कारण एक बंद पडले तरी दुसऱ्यावर परत येता येते.

त्यानंतर करारातील खरा मुद्दा येतो. बंदर प्रशासनाने, तटरक्षक दलाने किंवा स्वतः चालकाने हवामानामुळे बोट रोखली, तर पूर्ण रक्कम परत मिळेल किंवा दुसरा दिवस मिळेल, असे स्पष्ट लिहून घ्यावे. बोट निघाल्यानंतर चालकाने परत फिरवली, तर झालेल्या इंधनाचे पैसे आणि अर्धे भाडे द्यावे. एवढे दिले म्हणजे परत फिरल्याने त्याचेही नुकसान होत नाही. आपल्यापैकी कोणाला भीती वाटली म्हणून परत यायचे असेल, तर मात्र पूर्ण भाडे द्यावे आणि त्याबद्दल कुरकुर करू नये. इसार एक चतुर्थांशपेक्षा जास्त देऊ नये आणि उरलेली रक्कम रोजच्या रोज, त्या दिवसाची सफर पूर्ण झाल्यावर द्यावी.

हे मी अनुभवाने सांगतो. पहिल्यांदा ज्या माणसाशी आमचे फोनवर बोलणे झाले, त्याने सर्व रक्कम आधी मागितली आणि हवामानाचा विषय काढताच "तसे काही होत नाही" असे उत्तर दिले. दर बराच कमी होता, तरी आम्ही तो व्यवहार सोडला. ज्याच्याशी ठरले, त्याने तिसऱ्या दिवशी सकाळी जेटीवर उभे राहून समुद्राकडे पाहिले आणि आज निघायचे नाही, असे सांगितले. आकाश निरभ्र होते, ऊन पडले होते, आणि आमच्यातील एक-दोघांना ते पटेना. मात्र चिठ्ठीवर अट लिहिलेली होती, रिकामा दिवस हाताशी होता, त्यामुळे वाद झाला नाही. दुपारी वारा वाढला आणि जेटीवर बांधलेल्या बोटीसुद्धा एकमेकींवर आपटू लागल्या, तेव्हा लेकरांना जवळ घेऊन उभ्या असलेल्या आमच्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. त्या चालकाचे उपकार आम्ही विसरलेलो नाही.

इसार देण्यापूर्वी कागदपत्रांची छायाचित्रे मागवावीत आणि बोटीवर पाय ठेवण्यापूर्वी मूळ कागद पाहावेत: बोटीची नोंदणी, तपासणीचे चालू प्रमाणपत्र, त्यावर लिहिलेली प्रवासी संख्या, विमा आणि चालकाचा परवाना. प्रवासी संख्येत कडेवरचे मूलही एक धरावे. आम्ही बारा होतो, म्हणून बारा प्रवाशांची बोट न घेता पंधरांची घेतली. बुडू न देणारी लाइफ जॅकेट मोजून घ्यावीत आणि मुलांची वेगळी आहेत का ते पाहावे, कारण मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटते. जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्याशी धरून वर ओढून पाहावे; ते हनुवटीच्या वर सरकले तर मोठे आहे. बोटीवरचा बिनतारी संदेशाचा रेडिओ चालू करून दाखवायला सांगावे, कारण समुद्रात मोबाइलचा भरवसा नसतो आणि संकटाची हाक सोळा क्रमांकाच्या वाहिनीवर दिली जाते. इंधनाचा नियम साधा आहे: एक हिस्सा जाण्यासाठी, एक येण्यासाठी आणि एक राखीव.

स्त्रियांच्या दृष्टीने एक चौकशी फार महत्त्वाची आहे आणि पुरुष मंडळी ती हमखास विसरतात. दिवसाच्या बहुतेक लहान बोटींवर शौचालय नसते. ते आहे का, नसल्यास कोणत्या बेटावर सोय आहे आणि तेथे किती वेळाने पोहोचणार, हे आधी विचारावे. नाहीतर बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारच्या उन्हात त्यांना भोवळ येते. साडीपेक्षा सलवार-कुर्ता बरा. पदर किंवा ओढणी जॅकेटच्या आत खोचलेली असावी.

बोट लागण्याचा त्रास कोणालाही होऊ शकतो. ज्यांना एसटीत उलटी होते, त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आणावी आणि ती निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. बसायला बोटीचा मधला किंवा मागचा भाग निवडावा, इंजिनाच्या धुरापासून दूर राहावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. उपाशी निघू नये आणि तर्रीचा रस्साही खाऊन निघू नये. आम्ही ज्वारीची भाकर, कोरडी चटणी आणि मुरमुरे नेले होते, ते सर्वांना मानवले.

दिवसाचा आराखडा करताना तेथे अंधार लवकर पडतो हे लक्षात ठेवावे. अंदमान आपल्या बरेच पूर्वेला असूनही घड्याळ तेच आहे, त्यामुळे फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेपाचच्या आधीच सूर्य मावळतो, आपल्यापेक्षा जवळजवळ पाऊण तास आधी. सकाळी सातला निघून दुपारी तीनपर्यंत जेटीवर परत येणे, ही आमची मर्यादा होती.

काही ठिकाणी जायचेच नाही, असे चालकाला आपणहून सांगावे. उत्तर सेंटिनेल बेट आणि इतर आदिम जमातींचे राखीव भाग १९५६ च्या नियमनानुसार बाहेरच्यांना बंद आहेत, आणि जास्त पैसे घेऊन "लांबून दाखवतो" म्हणणारा भेटला तर त्याची बोट घेऊ नये. गडचिरोलीतील माडियांच्या घरात न विचारता शिरणे जसे आपल्याला चुकीचे वाटते, तसेच ते आहे. प्रवाळ जिवंत असते. त्यावर उभे राहू नये, आणि मेलेला तुकडासुद्धा पिशवीत घालू नये, कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत, म्हणून पाण्यासाठी स्टीलचे डबे घरूनच न्यावेत.

आदल्या रात्री आणि निघण्याच्या सकाळी हवामान पाहावे. भारतीय हवामान विभागाचा अंदाज आपण पेरणीसाठी पाहतोच. त्याच्याकडील मच्छीमारांसाठीचा इशारा वाचावा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाजही पाहावा. शेवटी, गावातील एका जबाबदार माणसाकडे बोटीचा नोंदणी क्रमांक, चालकाचा फोन, त्या दिवसाचा मार्ग आणि परतण्याची वेळ लिहून ठेवावी. आम्ही हे काम गावातील एका शिक्षकांकडे दिले होते. संध्याकाळी सहापर्यंत आमचा फोन आला नाही, तर आधी चालकाला आणि मग तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकाला फोन करायचा, असे त्यांच्याशी ठरले होते, आणि चारही दिवस ते पाच वाजल्यापासून फोन हातात घेऊन बसत.