कुलूपबंद गाणी नव्या लॅपटॉपवर आणली, त्याचा अनुभव

परभणीच्या घरी जुन्या संगणकावर पैसे मोजून घेतलेल्या गझला होत्या, डब्ल्यूएमए (मायक्रोसॉफ्टच्या ध्वनिप्रकारातल्या) फाइल्स, नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप (डीआरएम) लावलेल्या. नव्या लॅपटॉपवर कॉपी केल्या तर एकही वाजेना, परवाना मागायच्या. फाइल आपल्याकडे असली तरी परवाना त्या एका मशीनपुरताच असतो, आणि विकणाऱ्याचा सर्व्हर बंद पडला की नवा मिळत नाही. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांनी कधीच गाशा गुंडाळलाय.

जुन्या मशीनवर मात्र त्या वाजत होत्या. म्हणून आधी तिथलं विंडोज जसंच्या तसं ठेवलं; फॉरमॅट केलं की परवाने गेलेच समजा. मग मीडिया प्लेअरमधून कोऱ्या सीडीवर बर्न केल्या. इथं ‘ऑडिओ सीडी’च निवडायचं, डेटा सीडीत कुलूप तसंच राहतं. ती सीडी लॅपटॉपवर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाज न घटवणाऱ्या फाइल प्रकारात, उतरवली, कारण एमपी३ केलं असतं तर आवाज आणखी घसरला असता.

कलावंताला पैसे मिळालेच पाहिजेत. पण या कुलपानं चोर अडला नाही, गिऱ्हाईक अडलं. कंपन्या सीडी तर बिनकुलपाच्याच विकतात, हे ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी २००७ मध्ये लिहिलं होतं. २००९ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या ऑनलाइन दुकानातली गाणी मोकळी झाली. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यातलं २०१२ चं कलम ६५अ सुद्धा हक्कभंगाच्या हेतूनं कुलूप तोडणाऱ्यालाच शिक्षा सांगतं.

काही गझलांना बर्नची परवानगीच नव्हती. त्या जुन्या मशीनवर वाजवल्या आणि हेडफोनच्या जागी वायर लावून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केल्या.