चीनमध्ये शिकवायला जाताय? आधी क्रम लावून घ्या

चीनमध्ये मास्तरकी करायची तर पगाराच्या आधी पासपोर्टचा प्रश्न येतो. इंग्रजी भाषा शिकवायचं वर्क परमिट तिथे साधारणपणे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा इंग्रजी मातृभाषेच्या देशांतल्या लोकांनाच मिळतं. तुमचं इंग्रजी कितीही फर्डं असो, भारतीय पासपोर्टवर ते दार जवळजवळ बंद आहे. आपल्याला वाव आहे तो विषय शिकवण्यात: गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कॉम्प्युटर. त्या विषयाची पदवी आणि निदान दोन वर्षांचा अनुभव हवा. बी.एड. असेल तर उत्तमच. मी शांघायजवळच्या सुझोऊ शहरात गणित शिकवत होते. आता कोथरूडला परत आलेय, आणि अधूनमधून कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, एजंट म्हणतोय आधी बिझनेस व्हिसावर जा, पुढचं तिथे गेल्यावर करून देतो." अशा एजंटाला तिथल्या तिथे रामराम करा. नोकरीसाठी लागतो तो झेड व्हिसा. दुसऱ्या कुठल्याही व्हिसावर वर्गात उभं राहिलात तर दंड, कोठडी आणि परतीचं विमान हे सगळं तुमच्या वाट्याला येतं, एजंटाच्या नाही.

आता कागद. पदवीच्या प्रमाणपत्रावर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि शेवटी चिनी वकिलातीचा शिक्का, हा क्रम मोडत नाही. चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून अपॉस्टिल, म्हणजे वकिलातीत न जाता एकाच शिक्क्यावर परदेशी कागद मानण्याची पद्धत, चालतं हे खरं, पण भारत आणि चीन यांच्यात ते लागू नाही. त्यामुळे इंटरनेटवर कुणी अमेरिकन 'एका शिक्क्यात काम झालं' म्हणून लिहितो, ते आपल्यासाठी नाही. पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पासपोर्ट खात्याकडून काढा. पुणेकरांना त्यासाठी मुंढव्याला खेटे घालावे लागतात, तर ते आधीच उरका.

पण कागदांत खरी मेख आहे नावाची, आणि ती मराठी माणसालाच जास्त नडते. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मध्ये कधी वडिलांचं तर कधी नवऱ्याचं. आपल्याकडे 'एकच व्यक्ती' म्हणून प्रतिज्ञापत्र दिलं की भागतं. तिथे वर्क परमिट, बँक, सिमकार्ड आणि रेल्वेचं तिकीट सगळं पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळवतात, मधली मोकळी जागासुद्धा. बँकेतल्या मुलीने माझं नाव सलग टाइप केलं होतं आणि फोन कंपनीत ते तोडून लिहिलं होतं. झालं, पेमेंटचं अ‍ॅप मला ओळखच देईना. तेव्हा पासपोर्टच्या पहिल्या पानावर नाव जसं आहे तसंच, त्याच क्रमाने, एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्रत्येक खिडकीवर ती पुढे करा. काउंटरवरून उठण्याआधी पडद्यावरचं नाव स्वतः वाचा. लाज वाटू देऊ नका.

उतरल्यावर पहिल्या चोवीस तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद. हॉटेलात असाल तर हॉटेलवाले करतात, घरात राहायला गेलात की तुम्ही. घर बदललं की पुन्हा. त्यानंतर उपाशीपोटी वैद्यकीय तपासणी: रक्त, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी. एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये हातात कागद घेऊन फिरायचं, तासाभरात मोकळे. मग वर्क परमिट, आणि आल्यापासून तीस दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. त्यासाठी पासपोर्ट काही आठवडे त्यांच्याकडे जमा असतो. त्या दिवसांत शांघायची सहल वगैरे ठरवू नका.

पासपोर्ट हातात आहे तोवरच सिमकार्ड घ्या, कारण बँकेला स्थानिक नंबर लागतो. बँक खातं झालं की ते वीचॅट (निरोप आणि पैसे दोन्हींचं अ‍ॅप) आणि अलीपे (पैसे देण्याचं अ‍ॅप) यांना जोडा. वीचॅटचं नवं खातं उघडताना बहुतेकदा आधीपासून वापरणाऱ्या कुणीतरी कोड स्कॅन करून तुमची खात्री द्यावी लागते, तेव्हा शाळेतल्या सहकाऱ्याला सोबत न्या. खातं होईपर्यंत परदेशी कार्डही अलीपेला जोडता येतं, पण २०० युआनच्या वरच्या व्यवहारावर ३ टक्के कापतात. हा क्रम चुकला की घरभाडं, मेट्रो, भाजी सगळं अडतं. भाजीवालीसुद्धा गाडीवर कोड लटकवून बसलेली असते.

घर घेताना एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं एकदम, हा सर्रास चालणारा हिशोब आहे. सुरुवातीलाच बरीच रक्कम जाते, तेवढी सोय इथूनच करून ठेवा. तिथला पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. पार्सलवाल्याला 'तिसरा' सांगताना हे विसरू नका. चौथा आणि चौदावा मजला काही इमारतींत नसतोच, कारण चार हा आकडा अशुभ. आणि थंडी! सुझोऊ यांगत्से नदीच्या दक्षिणेला आहे. सरकारी हीटिंग मिळतं ते बीजिंगसारख्या उत्तरेकडच्या शहरांना. सुझोऊत जानेवारीत घरात बाहेरच्याइतकाच गारठा असतो, तोही ओला, हाडांत शिरणारा. शिमल्याला गेलो होतो, थंडी माहीत आहे, असं म्हणू नका. गादीवर अंथरायचं विजेचं ब्लँकेट तिथेच स्वस्तात मिळतं, पहिल्याच आठवड्यात घ्या. जून-जुलैत संततधार पाऊस आणि भिंतीवर बुरशी. ती मात्र पुणेकराला नवी नाही.

घरी फोन करायचं कोडं इथे असतानाच सोडवा. व्हॉट्सअ‍ॅप चीनमध्ये बंद, आणि वीचॅटवर भारतात २०२० पासून बंदी. म्हणजे तुमचं अ‍ॅप आईकडे चालत नाही, आईचं तुमच्याकडे नाही. माझी आई रोज, "अगं, तुझा फोन लागतच नाही, मग ठेवलायस कशाला?" भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर त्या डेटावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण महाग पडतं. दोघांकडे आयफोन असेल तर फेसटाइम. नाहीतर मायक्रोसॉफ्टचं टीम्स हे व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप आईच्या फोनमध्ये घालून, चार वेळा प्रॅक्टिस करून घेऊन मगच विमानात बसा. भारतीय सिम कुठल्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. चीन अडीच तास पुढे आहे. आईची संध्याकाळची मालिका संपून ती मोकळी होईस्तोवर तुम्ही पेंगत असता. सकाळचं तर विचारूच नका. रविवार दुपार धरून ठेवा.

शाळेत तुमचं नाव कुणी घेत नाही, तुम्ही 'लाओशी', म्हणजे बाई किंवा सर. तास सुरू होताना मॉनिटर ओरडतो, सगळी उभी राहतात, एका सुरात नमस्कार. सोमवारी झेंडावंदन. दिवसातून एक-दोनदा स्पीकरवर संथ संगीत लागतं आणि अख्खा वर्ग डोळे मिटून भुवया, नाकाचा वरचा भाग आणि कानशिलं बोटांनी दाबत बसतो. हा डोळ्यांचा व्यायाम १९६०च्या दशकापासून चालत आलाय. त्या वेळात फळा पुसा, सूचना देऊ नका, कुणी ऐकणार नाही. जेवण साडेअकराच्या सुमारास, मग वामकुक्षी. मुलं बाकावर डोकं टेकून खरंच झोपतात. स्टाफरूममध्येही दिवे बंद होतात, तेव्हा तिथे फोनवर गप्पा मारू नका.

गणिताच्या शिक्षकांसाठी दोन गोष्टी. तिथे पाढे ९ × ९ पर्यंतच, आणि तेही अर्धेच. तीन सत्ते एकवीस म्हटलं की सात त्रिक पुन्हा म्हणायचं नाही. एकूण ४५ ओळी, पण त्या झोपेतून उठवलं तरी येतात. तिसापर्यंतचे पाढे, पावकी-निमकी असलं काही ऐकवलंत तर सहकारी चाट पडतात. ती करमणूक जरूर करा. दुसरं, मोठ्या संख्या दहा हजारांच्या गटाने मोजतात. दहा हजार म्हणजे एक 'वान', आपला एक लाख म्हणजे दहा वान, कोटी म्हणजे हजार वान. पगार आणि भाडं वानातच बोलतात. तपासायला लाल पेन चालतं, पण मुलाचं नाव लाल शाईने लिहू नका, ते अपशकुनी मानतात. 

वर्गशिक्षकाशी जुळवून घ्या. पालक, शिस्त, बाकांची रचना सगळं त्याच्या हातात असतं. पालकांच्या वीचॅट ग्रुपवर रात्री दहालाही निरोप येतात, तुम्ही परस्पर उत्तर न देता त्याला विचारा. त्याच्याकडून 'बघू या' असं उत्तर आलं, तर ते 'नाही' समजा. आणि जोडून सुट्ट्यांचा हिशोब नीट समजून घ्या: ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची किंवा चिनी नववर्षाची लांब सुट्टी देताना आसपासचे शनिवार-रविवार कामाचे करतात. त्या दिवशी सुट्टीत गेलेल्या एखाद्या वाराचं वेळापत्रक लागतं. सरकारी यादी आदल्या वर्षाच्या अखेरीस निघते, पण शाळेची सूचना आल्याशिवाय पुण्याचं तिकीट काढू नका.

ओळख करून देताना मुंबईजवळचं पुणे सांगून फारसं काही होत नाही. वयस्कर सहकाऱ्यांपुढे मात्र सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घ्या. चीन-जपान युद्धात जखमींवर उपचार करताना ९ डिसेंबर १९४२ ला ते तिथेच गेले. चिनी लोक त्यांना 'ख दीह्वा' म्हणून ओळखतात. त्या एका नावावर मला रसायनाच्या बाईंनी घरी जेवायला बोलावलं होतं.

जेवणाचं सांगते. शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढ्याने भागत नाही. फरसबीच्या भाजीत किंवा टोफूत टाकलेला खिमा त्यांच्या लेखी चवीपुरता असतो. सहकाऱ्याकडून चिनीत लिहून घ्या: मांस, मासे, कोंबडी, हॅम, मांसाचा रस्सा, काहीही नको. बटाट्याच्या आंबट-तिखट सळ्या, वांगं-बटाटा-मिरची आणि अंडं खात असाल तर टोमॅटो-अंडं हे हमखास मिळतं. बौद्ध मंदिरांच्या खानावळीत कांदा-लसूणही नसतो, चातुर्मास पाळणाऱ्यांची आयती सोय. सुझोऊचं जेवण एरवी गोडसर. हिंग, गोडा मसाला आणि कुकरची जास्तीची रिंग-शिटी इथून न्या. तूरडाळ आणि कणीक ताओबाओ या ऑनलाइन बाजारात भारतीय सामान विकणाऱ्यांकडे मिळते. विरजणाला बिनसाखरेचं दही शोधावं लागतं, बहुतेक दही गोड असतं.

ई-स्कूटर घ्या, पण नंबर प्लेटसकट. हेल्मेट सुझोऊच्या जियांगसू प्रांतात जुलै २०२० पासून सक्तीचं आहे, तेव्हा त्याबद्दलची आपली पुणेरी मतं घरी ठेवून या. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहा, गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि स्कूटरचा आवाज येत नाही.

फावल्या वेळात शिकवण्या घेऊ नका. वर्क परमिट एकाच शाळेचं असतं, आणि २०२१ पासून खासगी क्लासवर तिथे कडक नजर आहे. पालक गळ घालतील, पाकीटही पुढे करतील. हसून, दोन्ही हातांनी परत करा.

पैसे पाठवायला करार, पगाराच्या पावत्या आणि कर भरल्याचा दाखला घेऊन बँकेत जा. इथलं बचत खातं अनिवासी करून घ्यायला विसरू नका. नोकरी सोडताना शाळेकडून अनुभवाचं पत्र, कार्यमुक्तीचं पत्र आणि वर्क परमिट रद्द झाल्याचा कागद हातात पडल्याशिवाय निघू नका. पुढची चिनी शाळा पहिल्यांदा तेच मागते. घराचं डिपॉझिट परत आल्यावरच बँक खातं बंद करा, आणि चिनी नंबर त्याच्याही नंतर.