माल बरोबर, ८५६ चूक

आमची पहिली मोठी ऑर्डर वेळेत पोचली होती. पेट्या मी स्वतः मोजल्या होत्या, एकही टॉवेल कमी नव्हता. तरी बिलाचे पैसे आले ते दंड कापून. कारण लिहिलं होतं : ऑर्डर २८८, कळवलेला माल २४.

मामांचा सोलापुरात टॉवेलचा कारखाना. माल न्हावाशेव्याहून न्यू जर्सीत येतो, भाड्याच्या गोदामात उतरतो आणि तिथला हिशेब मी बघतो. तोवरचे ग्राहक छोटे दुकानदार. ऑर्डर ईमेलवर, बिल पीडीएफमध्ये. मग एका मोठ्या दुकानसाखळीने होकार दिला आणि सोबत जाडजूड नियमावली पाठवली. सगळा व्यवहार ईडीआयने, म्हणजे त्यांचा संगणक आमच्या संगणकाशी ठरलेल्या साच्यात बोलणार.

अमेरिकेत हा साचा एक्स१२, युरोपात एडिफॅक्ट. एक्स१२ मध्ये प्रत्येक कागदाला नंबर असतो आणि या धंद्यातली माणसं नंबरातच बोलतात. ८५० म्हणजे ऑर्डर, ८५५ तिला दिलेला होकार, ८५६ माल निघाल्याची आगाऊ खबर (तिलाच एएसएन म्हणतात), ८१० बिल. प्रत्येकाची पोच म्हणून ९९७. ऑर्डर मध्येच बदलली तर ८६०, आणि ते बघायचं राहिलं तर जुन्याच ऑर्डरीचा माल ट्रकमध्ये चढतो. सुरुवातीला एवढं पुरतं.

आता २४ ची भानगड. सोलापूरच्या आमच्या कारखान्यात सगळं डझनावर चालतं. संगणकातल्या वस्तूंच्या मूळ यादीत, म्हणजे आयटम मास्टरमध्येही डझनच. ऑर्डरीत एककाचा कोड ‘ईए’, म्हणजे नग. आमच्या ८५६ मध्ये कोड नगाचा गेला आणि आकडा डझनाचा. ९९७ मात्र स्वच्छ आलं होतं, म्हणून मी निर्धास्त. ९९७ एवढंच सांगतं की निरोप पोचला आणि त्याचं व्याकरण बरोबर आहे. आतलं खरं की खोटं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!

मोठ्या गोदामात तुमची पेटी उघडून कोणी टॉवेल मोजत बसत नाही. पेटीवरचं जीएस१-१२८ लेबल स्कॅन होतं (जीएस१ म्हणजे बारकोडचे नियम ठरवणारी संस्था). त्यात एसएससीसी नावाचा १८ आकडी क्रमांक असतो, दर पेटीला वेगळा. तो क्रमांक तुमच्या ८५६ मध्ये शोधला जातो आणि तिथे लिहिलंय तेवढाच माल आला असं धरलं जातं. शेत तुम्ही कसत असाल, पण सातबाऱ्यावर काय आहे ते बोला, तसा प्रकार. म्हणून ८५६ ची रचना नीट समजून घ्या : शिपमेंटच्या पोटात ऑर्डर, ऑर्डरच्या पोटात पेटी, पेटीत वस्तू, काहींना मध्ये पॅलेटही (पेट्या रचायची फळी) हवा असतो. लेबल चिकटवल्यावर जागा कमी पडली म्हणून चार टॉवेल शेजारच्या पेटीत सारले, की संदेश खोटा ठरला. आणि ट्रक भरून दार लागेपर्यंत ८५६ पाठवू नका. शेवटचा पॅलेट मागे राहण्याचा प्रसंग येतोच.

जोडणीचे मार्ग तीन. वेब पोर्टलवर हाताने भरा, मध्यस्थ सेवा घ्या, किंवा स्वतःचं एएस२ उभारा, म्हणजे इंटरनेटवरून ग्राहकाच्या संगणकाशी थेट, सुरक्षित जोडणी. वॉलमार्टने २००२ मध्ये पुरवठादारांना एएस२ कडे वळवलं, तेव्हापासून त्याचा बोलबाला आहे. पण महिन्याला पाच-दहा ऑर्डरी असणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये असं माझं मत. आम्ही पोर्टलने सुरुवात केली. पुढे टायपिंगच्या चुका वाढल्या तेव्हा मध्यस्थ घेतला. दर ठरवताना महिन्याचं भाडं विचारालच. प्रत्येक कागदामागे, प्रत्येक नव्या ग्राहकामागे आणि नकाशा (तुमच्या नोंदीतलं काय संदेशात कुठे जातं त्याची जुळणी) बदलण्यामागे किती, हेही लेखी घ्या.

बारकोड स्वस्तात विकणारे भेटतील. तिकडे जाऊ नका, कारण एसएससीसी बनवायला कंपनीच्या नावाचा जीएस१ उपसर्ग लागतो. मामांकडे जीएस१ इंडियाचा ८९० ने सुरू होणारा होता. आमच्या ग्राहकाने तो चालवून घेतला. तुमच्याला आधी विचारा.

खरा व्यवहार सुरू होण्याआधी ग्राहकाबरोबर चाचणी करावी लागते. तिला आम्हाला आठ आठवडे लागले. त्यातले बरेच लेबलचे नमुने पाठवण्यात आणि ‘पुन्हा पाठवा’ ऐकण्यात गेले. एक गंमत सांगतो. संदेशाची पहिली ओळ, आयएसए, मोजून १०६ अक्षरांची असते आणि तिच्या पंधराव्या घरात ‘टी’ म्हणजे चाचणी, ‘पी’ म्हणजे खरा व्यवहार. खरा व्यवहार सुरू झाल्यावरही आमचं पहिलं बिल ‘टी’ लावूनच गेलं. ते कोणी वाचलंच नाही. पैसे का येत नाहीत म्हणून मी तीन आठवडे फोन करत होतो.

दंडावर दाद मागता येते, पण मुदत असते. सही झालेली बिल्टी, पॅकिंग लिस्ट आणि पेट्यांचे फोटो दर खेपेचे जपून ठेवा. आमची निम्मी रक्कम परत आली, दीड महिन्याने.

मामा अजून फोनवर डझनातच बोलतात. मी एक्सेलमध्ये दोन रकाने केलेत; गोदामातल्या मुलाला फक्त नगांचा दिसतो.