प्रकटीकरण पहिल्यांदा वाचताय? या चुका टाळा

बहुतेक जण बायबलचं हे शेवटचं पुस्तक उघडतात ते थेट 13 व्या अध्यायावर. श्वापद, त्याचा आकडा 666, कपाळावरची त्याची खूण. मग आधार कार्डापासून लशीपर्यंत सगळीकडे तीच खूण दिसायला लागते, आणि बेळगाव-निपाणीतल्या घरोघरच्या मोबाईलवर तसले फॉरवर्ड फिरतात.

मुळात हे पत्र आहे. पात्म बेटावरून योहानानं आशिया या रोमी प्रांतातल्या सात मंडळ्यांना पाठवलेलं. बरेच अभ्यासक ते इ.स. 95 च्या सुमाराचं मानतात. पत्र ज्यांना लिहिलं त्यांना ते कळायला हवं होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी आधार-लशीवाले अर्थ गळून पडतात. हिब्रू अक्षरांना आकड्यांची किंमत असते. 'नीरो कैसर' हे नाव हिब्रूत मांडून बेरीज केली की 666 भरते. काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे, आणि त्याच नावाच्या लॅटिन रूपाची बेरीज तेवढीच येते. हा उलगडा सगळ्यांना मान्य नाही, पण शोध त्या काळातच घ्यायचा. 'ख्रिस्तविरोधी' मात्र इथं शोधू नका. तो शब्द योहानाच्या पहिल्या दोन पत्रांत आहे, प्रकटीकरणात एकदाही नाही.

प्राण्यांपाशी अडलात तर जुन्या करारातल्या दानीएलाचा 7 वा अध्याय उघडा. तिथं सिंह, अस्वल, चित्ता आणि चौथं भयंकर श्वापद एकामागून एक येतात. प्रकटीकरण 13:2 मध्ये चित्त्याचं अंग, अस्वलाचे पाय आणि सिंहाचं तोंड एकाच श्वापदाला लागलेलं आहे. दानीएल 7:17 सांगतं की ती श्वापदं म्हणजे राजे. जुना करार बाजूला ठेवून हे पुस्तक उलगडत नाही.

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो अध्यायांकडे कॅलेंडर म्हणून बघितल्यावर. 6:14 ला आकाश गुंडाळलं जातं, तरी 8:12 ला सूर्याचा फक्त तिसरा भाग अंधारतो. 11:15 ला जगाचं राज्य प्रभूचं होऊन जातं आणि 12 व्यात मूल (बहुतेकांच्या मते ख्रिस्त) जन्माला येतं. सात शिक्के फुटतात, सात कर्णे वाजतात, सात वाट्या ओतल्या जातात आणि दर वेळी संकटं येतात; ही तीन चक्रं एकाच काळाकडे पुन्हापुन्हा बघतात, असं बरेच जण मानतात. तसं वाचलं की या जागा अडत नाहीत.

शेवटाची तारीख सांगणाऱ्याला मार्क 13:32 दाखवा: तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी ख्रिस्त परत येण्याचा दिवस म्हणून 22 ऑक्टोबर 1844 धरला होता. तो दिवस तसाच गेला.

क्रम असा ठेवा: मार्क 13, दानीएल 7, मग प्रकटीकरण 1 ते 5, आणि ते पचल्यावरच 6 पासून पुढं. एक वचन उचलून वाचू नका, अख्खा अध्याय मोठ्यानं वाचा. 1:3 मध्ये वाचणारा आणि ऐकणारे दोघांनाही धन्य म्हटलंय. ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा विषय 20 व्या अध्यायाच्या सुरुवातीच्या काही वचनांतच येतो, त्यावरून भांडण्याइतकं तिथं काही नाही. विश्वासणारे ढगांत उचलले जातील असं सांगणारं 1 थेस्सलनीका 4:17 वाचलंत तर 18 वं वचन सोडू नका: ते धीर देण्यासाठी आहे, भीती घालण्यासाठी नाही.

सीमाभागातली एक वेगळीच अडचण. घरात मराठी बायबल आणि प्रवचन कन्नडमध्ये असेल तर पाळक 'प्रकटने' (प्रकटीकरणाचं कन्नड नाव) म्हणाले की अध्याय-वचनाचा आकडा तेवढा टिपून घ्या, घरी मराठीत काढता येतो. कॅथलिक शेजाऱ्यांसोबत वाचत असाल तर त्यांच्या दानीएलात 12 ऐवजी 14 अध्याय असतील. 7 वा तोच.