ग्रीसमध्ये जेवायला बसताय? आधी या चुका टाळा

ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. दरवर्षी ग्रुप घेऊन जातो तेव्हा अथेन्सच्या विमानतळावरून हॉटेलवर जाताना बसमध्येच मी हे दोनदा सांगतो. तरी तिसऱ्या दिवशी कोणीतरी फसतंच.

गेल्या खेपेला नाफ्प्लियोला सांगलीच्या एक काकू फसल्या. पक्क्या शाकाहारी. तावेर्नाच्या, म्हणजे तिथल्या खानावळीच्या, काचेआड भरल्या टोमॅटोंचा ट्रे दिसला, त्याला गेमिस्ता म्हणतात. मांसाला ‘क्रेआस’ म्हणतात एवढं काकूंनी माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. मी हात धुऊन येईपर्यंत थांबायचं की नाही? पण धीर कुठला! त्यांनी ट्रेकडे बोट करून वेटरला विचारलं, “क्रेआस?” तो हसून म्हणाला, “ने.” काकू काकांना म्हणाल्या, “अहो, नाही म्हणतोय. दोन सांगा.” दुसऱ्या घासाला खिमा लागला. वेटर एक अक्षर खोटं बोलला नव्हता, त्यामुळे सगळा राग माझ्यावर निघाला. रात्रीही त्यांनी फक्त फळं खाल्ली.

म्हणून आता मी प्रश्न विचारूच देत नाही, थेट मागायला लावतो: ‘होरिस क्रेआस’, म्हणजे मांसाशिवाय. गेमिस्ता हवे असतील तर ‘ओर्फाना’ म्हणा. शब्दाचा अर्थ अनाथ. आत खिमा नसला, नुसता भात आणि पुदिना-बडीशेपेसारखा पाला असला, की बिचारे टोमॅटो अनाथ! नकार मात्र आपल्याला बरोबर कळतो. ग्रीक माणूस हनुवटी वर करून ‘च्क’ करतो, आपल्या आज्जीसारखाच.

शाकाहाऱ्यांच्या हाताशी आणखी एक शब्द हवा, ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपासाचं. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस आणि वर पवित्र आठवडा असा त्यांचा मोठा उपास. तेव्हा मांस, दूध, अंडी सगळं बंद, त्यामुळे बिनमांसाच्या जेवणाची कल्पना तिथे नवी नाही. पण इथेही एक खड्डा आहे. रक्त नसलेले जलचर त्यांच्या उपासाला चालतात. आपल्या उपासाला साबुदाणा, त्यांच्या उपासाला ऑक्टोपस! आणि गुलाबी रंगाची मऊ चटणी दिसली की पाव बुडवायची घाई करू नका. ती तारामोसालाता, माशाच्या अंड्यांची. उपास सुरू होतो त्या सोमवारी ती घरोघरी असते.

बिनधास्त मागवा फावा. नाव ऐकून पावट्याचं काही असेल असं वाटतं, पण सांतोरिनीचा फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. तिथलं ते कडधान्य आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या जवळच्या नात्यातलं. वर लिंबू पिळा, पहिल्या दिवसापासून घरची आठवण येणाऱ्यांचाही जीव थाऱ्यावर येतो.

आता ऊझो, ग्रीकांची बडीशेपेच्या चवीची दारू. इथे माझं डोकं जरा तापतं, आधीच सांगतो.

नाक्सोस बेटावर पुण्याचे चार मित्र संध्याकाळी सहाला बंदरावर बसले. छोटी बाटली मागवली, ग्लासात आधी बर्फ भरला, वरून ऊझो, आणि पेग मारावा तसा एका दमात घशाखाली. मी म्हटलं, आधी खायला मागवा. उत्तर आलं, “चखना नंतर बघू, दादा.” ऊझोत अल्कोहोल किमान साडेसदतीस टक्के असतं, पण चव बडीशेपेची आणि गोडसर, त्यामुळे चढेपर्यंत कळत नाही. आठ वाजता एक जण टेबलावर डोकं ठेवून झोपला. सकाळची सांतोरिनीची बोट चौघांनीही चुकवली. नव्या तिकिटांचे पैसे त्यांनी भरले, आणि त्यांच्या बॅगा हॉटेलच्या तीन मजल्यांवरून मी उतरवल्या. लिफ्ट नव्हती.

रीत साधी आहे. आधी ऊझो, मग गार पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. बडीशेपेचा वास ज्याचा, ते अॅनेथोल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. पाणी पडलं की त्याचे बारीक थेंब सुटे होतात आणि ग्लास पांढराशुभ्र होतो, बादलीत फिनेल ओतल्यावर होतं तसा. नुसत्या ऊझोत बर्फ टाकलात तर तेच अॅनेथोल गारठून वर चुरा तरंगतो. पाणी घालताना मी ग्लास उजेडाकडे धरतो. पांढरा ढग खालून वर चढताना बघण्यात अर्धी मजा आहे. आणि ऊझोबरोबर खायचे मेझे म्हणजे चखना नव्हे. भाजलेला ऑक्टोपस, ऑलिव्ह, चीज, तळलेली छोटी मासळी हे त्या पेयाचं अर्धं अंग आहे. एका ग्लासाला तास लावा. नसेल जमत तर बिअर घ्या.

वोलोस शहरात मात्र उलटं. तिथे त्सिपुरोच्या, म्हणजे द्राक्षाच्या चोथ्यापासून केलेल्या दारूच्या, प्रत्येक छोट्या बाटलीबरोबर एक बशी आपोआप येते, पुढच्या बाटलीला दुसरी. सुरुवातीलाच ढीगभर खायला मागवणाऱ्याकडे मालक दयेने बघतो.

बाकीच्या चुका भराभर सांगतो. ग्रीक कॉफीत साखर किती ते मागवतानाच सांगायचं: स्केतो बिनसाखरेची, मेत्रिओ मध्यम, ग्लिको गोड. नंतर चमचा घालून ढवळू नका आणि तळाचा गाळ पिऊ नका. मासळीचा भाव कार्डावर किलोचा असतो, तेव्हा मासा डोळ्यांसमोर तोलून घ्या. सुटी वाइनही किलोनेच मागतात. ‘मिसो किलो’ म्हणजे अर्धा किलो. यात हसण्यासारखं काही नाही. गिरोस, म्हणजे फिरत्या सळईवर भाजून कापलेलं मांस, बहुतेक वेळा डुकराचं असतं, न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. अथेन्समध्ये ‘कालामाकी’ मागितलंत तर सळईवरचं मांस येईल, थेस्सालोनिकीत स्ट्रॉ. होरिआतिकी, म्हणजे गावाकडच्या ग्रीक सॅलडमध्ये लेट्युस शोधू नका, आणि खाली उरलेला टोमॅटो-तेलाचा रस पावाने पुसून खा. तो टाकणाऱ्याला मी पुढच्या टेबलावर बसवतो. बिल मागितल्याशिवाय येत नाही. ती तुमची अडवणूक नसते, उठवायचं नसतं म्हणून.

आणि भाजी कोमट आली म्हणून परत पाठवू नका. फरसबीची फासोलाक्या, भाज्यांचा ब्रिआम ही तेलात शिजवलेली जेवणं सकाळीच तयार होतात आणि दुपारी कोमटच खातात. मायक्रोवेव्हमधून वाफाळती परत आली की तेल सुटतं, चव जाते, आणि स्वयंपाकघरातल्या बाईंचा चेहराही.

शेवटच्या रात्री अथेन्समध्ये जेवण झाल्यावर मालकाने न मागता रव्याचा हलवा पाठवला, आपल्या शिऱ्याचा भाऊच. प्रमाण एक, दोन, तीन, चार: एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. तूप नाही, म्हणून उपासालाही चालतो. सांगलीच्या काकूंनी बशीकडे बघितलं, मग वेटरकडे, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, “क्रेआस?”

त्याने हनुवटी वर केली. “च्क.”

काकूंनी दोन तुकडे घेतले.